इथे आधी काय होतं?

जर्मनीतल्या न्युर्नबर्गच्या बाजारचौकाच्या कोपऱ्यात एक कारंजं आहे. कारंजं म्हणायचं ते पाण्यापुरतं. प्रत्यक्षात दिसतं ते एकोणीस मीटर उंच, मजल्यामजल्यांनी निमुळतं होत गेलेलं, सोनेरी, लाल आणि निळ्या रंगांत रंगवलेल्या मूर्तींनी खच्चून भरलेलं देवळाचं शिखरच, तेही कुणीतरी खाली उतरवून जमिनीवर ठेवल्यासारखं. भोवती लोखंडी नक्षीची जाळी आहे आणि त्या जाळीत एक सोनेरी कडं अडकवलेलं आहे. कड्याला सांधा कुठेच दिसत नाही. एका शिकाऊ कारागिराने ते रातोरात कसं बसवलं, त्याच्या प्रेमाचं काय झालं, अशी एक गोष्ट त्याला चिकटलेली आहे. कडं फिरवायचं, मनात इच्छा धरायची आणि कुणाला सांगायची नाही. त्यासाठी तिथे कायम रांग असते. मे महिन्यात मावशीला घेऊन गेले, तेव्हाही होती. मावशी वाईची, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, आणि रांगेत उभं राहणं तिला देवळातसुद्धा आवडत नाही. ती बाजूला उभी राहून बघत होती. तेवढ्यात सायकल हातात धरून चाललेले एक म्हातारे गृहस्थ आमच्यापाशी थांबले आणि माझ्याकडे बघून हसत म्हणाले, ते सोनेरी पर्यटकांसाठी, खरं कडं पलीकडच्या बाजूला आहे, काळं. आणि गेले.

मावशीने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती वळसा घालून पलीकडे गेली. तिथे खरंच एक साधं, काळं, लोखंडी कडं होतं आणि त्यापुढे कुणीही नव्हतं. तिने ते फिरवलं नाही. वर मान करून त्या सगळ्या मूर्तींकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि हे कारंजं तरी खरं का?" आता इथे मी पाहुण्यांना फिरवून फिरवून इतकी तयार झाले आहे की उत्तर आपोआप बाहेर पडलं. मूळ कारंजं चौदाव्या शतकाच्या अखेरीचं. ते झिजलं, म्हणून विसाव्या शतकाच्या तोंडावर त्याची नवी प्रत घडवून इथे बसवली. मूळचे तुकडे इथल्या मोठ्या संग्रहालयात आहेत. मावशी मोठ्याने हसली. "म्हणजे नकली कारंज्याला नकली कडं," ती म्हणाली, "आणि रांग तेवढी खरी."

त्या दिवशी मीही हसले. पण घरी एर्लांगनला परत येताना गाडीत, रात्री भांडी आवरताना, ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा न्युर्नबर्गला जातो. गाडीने जेमतेम वीस मिनिटं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच जाडजूड गोल बुरूज आणि तटबंदी, आत शिरलं की लोरेंझ चर्चचे दोन मनोरे, पुढे उतार, पेग्निट्झ नदी, नदीवर कमानी टाकून उभं असलेलं जुनं धर्मादाय रुग्णालय, मग बाजारचौक, मग चढ आणि सगळ्यात वर किल्ला. रस्ता ठरलेला, फोटोच्या जागा ठरलेल्या आणि पाहुण्यांचं वाक्यही ठरलेलं. नदीवरच्या पुलावर आलं की कुणीतरी कठड्याला रेलून उसासा टाकतं, "किती जपलंय हो यांनी! नाहीतर आपल्याकडे." हे "नाहीतर आपल्याकडे" इतक्यांदा ऐकलंय की कोण ते कुठल्या खांबापाशी म्हणेल हेही मला सांगता येईल. मी मान हलवते. पाहुणे थकलेले असतात, त्यांचे पाय दुखत असतात, त्यांनी तिकिटाला पैसे मोजलेले असतात. त्यांना त्या क्षणी २ जानेवारी १९४५ कशाला सांगायची?

त्या संध्याकाळी पाचशेहून जास्त ब्रिटिश बॉम्बर विमानं या शहरावर आली आणि तासाभरात तटबंदीच्या आतलं शहर नव्वद टक्के संपलं. अठराशेच्या आसपास माणसं मेली, लाखभर बेघर झाली. पुलावरून जे दिसतं ते बरंचसं त्यानंतरचं आहे, म्हणजे माझ्या आईच्या वयाचं किंवा तिच्याहून लहान. जपलेलं असं फारच थोडं. आणि त्या रात्रीबद्दल हळहळताना इथे तोंडाला कुलूप लागतं, कारण त्याआधी वर्षानुवर्षं याच शहरात नाझी पक्षाची महाअधिवेशनं भरत होती, १९३५चे वंशकायदे इथेच जाहीर झाले, आणि ज्या चौकात ते सोनेरी कडं आहे त्या चौकाला तेव्हा हिटलरचं नाव होतं. हे सगळं त्या मधाच्या रंगाच्या संध्याकाळी, हातात आइस्क्रीम असलेल्या आत्याच्या दिरांना सांगणं काही जमत नाही.

मावशीला मात्र सांगितलं. तिने विचारलंच होतं.

आणि मग तिने एक मजा केली. पुढच्या खेपेला म्हणाली, आज फोटो नाही काढायचे, आज नुसतं कुठे जोडलंय ते शोधायचं. तिला शिवणकामाची जुनी सवय, उसवलेलं आणि पुन्हा शिवलेलं तिला लांबून कळतं. इथला दगड वालुकाश्म आहे, तांबूस-तपकिरी, हाताला खरखरीत. एखाद्या घराच्या भिंतीपुढे उभं राहिलं की खालचे चार-पाच थर काळपट, कडा झडलेले, कुठे कुठे आगीने लालसर झालेले दिसतात आणि त्यांच्या वर एकदम फिकट, सरळ कापलेले दगड सुरू होतात. कुठे खाली कमान चारशे वर्षांची आणि वर तीन मजले साध्या गिलाव्याचे, पन्नासच्या दशकातल्या सरकारी वसाहतीला शोभतील अशा खिडक्यांचे. एखाद्या अगदी साध्या भिंतीवर मध्येच नाजूक कोरीवकामाचा, पुढे आलेला बंद सज्जा असतो. तसे सज्जे ही इथली खासियत. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरांना ते असत, आणि पडलेल्या घरांचे जे काही वाचले ते पुढे भलत्याच घरांना बसवले गेले. मावशी एकेकापुढे थांबायची, बोट दाखवायची, "इथे." मग थोडं चालून, "इथे." लोक आमच्याकडे बघत होते. एका बाईने तर आमच्या बोटाच्या दिशेने बघून काही प्रसिद्ध असेल म्हणून फोटोही काढला.

युद्धानंतर इथे खूप वाद झाले म्हणे, आणि ते होणारच. ढिगाऱ्यांचं शहर उपसून टाकून रुंद रस्त्यांचं, मोटारींचं नवं शहर बांधावं असं म्हणणारे होते. सगळं जसंच्या तसं उभारावं असं म्हणणारेही होते. झालं ते मधलंच काहीतरी. रस्ते जुनेच ठेवले, त्यांची वळणं आणि अरुंदपणा ठेवला, छपरांचा तीव्र उतार ठेवला, उंची आवरती ठेवली, दगड शक्यतो इथलाच. चर्चं आणि किल्ला पुन्हा उभारले. राहती घरं मात्र नवी, साधी, झटपट बांधलेली, कारण लोकांना डोक्यावर छप्पर हवं होतं. म्हणून हे गाव लांबून बघावं तर मध्ययुगीन आणि जवळून बघावं तर काटकसरी दिसतं. मला आधी या घरांचा राग यायचा. वाइसगेर्बरगासं नावाच्या कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत लाकडी चौकटींची जुनी घरं वाचली आहेत, ती बघितली की बाकीचं गाव फसवं वाटायचं. मावशीबरोबर बोटं दाखवत फिरल्यावर उलटंच झालं. ती साधी घरं काहीच लपवत नव्हती. लपवायचा प्रयत्न होता तो आमच्या फोटोंत, कारण आम्ही कॅमेरा नेमका वाइसगेर्बरगासंकडे धरायचो.

एगिडिएन चर्चसमोरच्या चौकात पेलरहाउस आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला एका व्यापाऱ्याने बांधलेलं, जर्मनीतल्या सर्वांत देखण्या घरांपैकी एक म्हणून गाजलेलं. बॉम्बमध्ये ते कोसळलं, तळमजला तेवढा राहिला. पन्नासच्या दशकात त्या जुन्या तळमजल्यावर काँक्रीटच्या चौकटीची आधुनिक इमारत चढवली. पुढे आतलं अंगण तेवढं जुन्या शहराच्या प्रेमिकांच्या एका संस्थेने वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करून, पाथरवटांकडून एकेक दगड घडवून पुन्हा मूळसारखं उभं केलं. ते पुरं झालं २०१८मध्ये. म्हणजे एकाच घरात खाली सतरावं शतक, वर विसावं आणि आत एकविसाव्यात बांधलेलं सतरावं. दर्शनी भागसुद्धा जुन्यासारखा करावा की पन्नासच्या दशकातला हाही आता इतिहासच झाला म्हणून ठेवावा, यावर इथली माणसं अजून भांडू शकतात. मावशी बराच वेळ तिथल्या बाकावर बसून राहिली. मग आजोबांच्या वाड्याबद्दल बोलायला लागली.

तो वाडा मी लहानपणी बघितलाय. कृष्णेच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर, सारवलेलं माजघर, पायाखाली करकरणारा जिना, माळ्यावर तांब्या-पितळेचा वास. पुढे भिंतीला पोट सुटलं, एका पावसाळ्यात मागची बाजू बसली, भाऊबंदांच्या सह्या जमेपर्यंत आणखी बसली, आणि मग तिथे चार मजली इमारत झाली. बिल्डरने इमारतीच्या नावात "वाडा" हा शब्द मात्र आठवणीने ठेवला, सोनेरी अक्षरांत. मावशीला त्यातलाच एक फ्लॅट मिळाला. तिला लिफ्ट आवडते, संडास घरात असणं आवडतं, हे ती दडवत नाही. "पण अगं," ती म्हणाली, "यांच्यावर बॉम्ब पडले तरी गल्ली होती तिथेच ठेवली. आपल्या गल्लीवर कोण पडलं होतं?" मी काही बोलले नाही. "नाहीतर आपल्याकडे" म्हणायचा तिचा सूर नव्हता. तिने तर त्या व्यवहारात सही केली होती.

मग चढ चढून ड्यूरर या चित्रकाराच्या घरी गेलो. हे घर १४२०च्या सुमाराचं, आल्ब्रेख्ट ड्यूररने ते १५०९ साली घेतलं आणि १५२८ला मरेपर्यंत तिथेच राहिला. बॉम्बमध्ये त्याला मार बसला पण ते उभं राहिलं. खाली दगड, वर लाकडी चौकटी, आत लाकडाचा आणि मेणाचा वास, जमीन चालताना बोलते. मावशीने पायातले बूट काढायला सुरुवात केली होती, मी थांबवलं. जुन्या पोशाखातली एक अभिनेत्री ड्यूररची बायको आग्नेस बनून घर दाखवते, नवऱ्याबद्दल तक्रारी करते, घरखर्चाचं सांगते. मावशीने कानात विचारलं, ही तरी खरी का? आणि मग आम्हाला गेंडा दिसला.

हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतानाने तो गोव्यातल्या पोर्तुगीजांचा प्रमुख अल्बुकर्क याला भेट दिला, अल्बुकर्कने १५१५च्या सुरुवातीला गोव्याहून जहाजावर चढवून पोर्तुगालच्या राजाकडे धाडला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता, लोक वेडे झाले. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कुणाचं तरी पत्र आणि सोबतचं एक रेखाचित्र न्युर्नबर्गला पोचलं, तेवढ्यावरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठशाचं चित्र केलं. त्यात कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्याच्या वर एक जादा छोटं शिंग आहे, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या पुस्तकांतून हाच गेंडा छापला जात राहिला. खरा गेंडा बिचारा पुढच्याच वर्षी पोपकडे नेताना, जहाज फुटून, साखळदंडासकट समुद्रात बुडाला. मावशीने चष्मा वर करून जवळून बघितलं. "शिंग जास्तीचं आहे," ती म्हणाली, "पण वैताग बरोबर काढलाय." गोव्याहून निघालेल्या जनावराच्या चेहऱ्यावर तो वैताग तिला कसा दिसला कोण जाणे. मलाही दिसायला लागला.

बाहेर चौकात एक ब्राँझचा ससा आहे, ड्यूररच्या सुप्रसिद्ध सशाला मानवंदना म्हणून १९८४ साली बसवलेला. मूळ चित्रातला ससा इतका मऊ की हात लावावासा वाटतो. हा अवाढव्य, फुगलेला, बटबटीत डोळ्यांचा, पेटीत न मावणारा, आणि त्याच्या अंगाखाली पिलं आणि एक माणसाचा पाय. मुलं घाबरतात, जोडपी त्याला टेकून फोटो काढतात. मावशीने त्याच्याकडे पाठ केली आणि तिथल्याच दगडी फरशीवर बैठक मारली, कारण सगळेच बसले होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी या उतारावर अर्धं शहर बियरच्या बाटल्या घेऊन जमिनीवर बसतं. दिवसभर तापलेला दगड खालून शेकतो. समोर तटाचा दरवाजा, वर किल्ल्याची भिंत. आमच्याकडे बियर नव्हती, लेबकुखन होते. हा इथला मसालेदार केक, उत्तम प्रतीच्या केकात पीठ जवळजवळ नसतंच, बदाम-अक्रोडाचाच भरणा. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ. मावशी डोळे मिटून एकेक मसाला ओळखत होती. आपल्या किनाऱ्यावरचे मसाले व्हेनिसमार्गे याच शहरात येत, त्यावर इथले व्यापारी गब्बर झाले, आणि त्याच पैशातून मघाची घरं, सज्जे, कारंजी उभी राहिली. वेलदोडा सापडल्यावर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "चला, काहीतरी अस्सल मिळालं."

किल्ल्यावर एक विहीर आहे, पन्नास मीटरच्या आसपास खोल, खडकात खोदलेली. गाईड मेणबत्त्या लावलेलं तबक दोरीने खाली सोडते, उजेड लहान लहान होत जातो, मग ती वरून पाणी ओतते आणि सगळे श्वास धरून मोजतात. अपेक्षेपेक्षा खूप उशिरा आवाज येतो. हा अनुभव छान, पण मला जास्त लक्षात राहिलं ते त्याच टेकडीच्या पोटातलं दुसरं भुयार. बियर साठवण्यासाठी इथल्या खडकात शतकानुशतकं तळघरं खोदली गेली होती. युद्ध सुरू झाल्यावर त्यातलाच काही भाग नगरपालिकेने कलेसाठी तयार केला. दमटपणा जाईल, तापमान सारखं राहील, हवा खेळेल असा कडेकोट बंदोबस्त. लोरेंझ चर्चमधला फाइट श्टोस या शिल्पकाराचा तो हवेत टांगलेला लाकडी देवदूत आणि मेरी, चर्चच्या काचा, जगातला सर्वांत जुना शिल्लक असलेला पृथ्वीगोल, असं बरंच काही तिथे सुखरूप राहिलं. पोलंडच्या क्राकूवहून उचलून आणलेली वेदीसुद्धा, जी युद्धानंतर परत गेली. बाहेर, वर, माणसं जळत होती. तळघरांतल्या इतर भागांत हजारो लोक जीव मुठीत धरून बसले होते. गाईड हे सगळं सारख्याच आवाजात सांगत होती. कला वाचली याचा आनंद मानायचा की नाही हे मला तिथल्या थंडीत ठरवता येईना. ज्यांनी इतक्या काळजीने तापमान सांभाळलं, त्यांनीच बाकीचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मावशी शालीत हात घालून एवढंच म्हणाली की देवाच्या मूर्ती विहिरीत लपवायच्या तसंच हे.

हे आणखी एका सकाळचं, आणि बाराच्या आधी खाली चौकात पोचायचं होतं. कारण बारा वाजता फ्राउएनकिर्श या चर्चच्या दर्शनी भागावर, घड्याळाखाली, एक खेळ होतो. मध्ये सम्राट चौथा कार्ल सिंहासनावर बसलेला, बाजूला तुताऱ्या आणि ढोलवाले, आणि एका दारातून सात राजनिर्वाचक, म्हणजे सम्राट निवडणारे सरदार, बाहेर येतात, सम्राटापुढून वळताना मान लववतात आणि दुसऱ्या दारातून आत जातात. असे तीन फेरे. १३५६च्या सुवर्णपत्राची ही आठवण, ज्याने सम्राट कोण निवडणार ते ठरलं आणि निवडून आलेल्या राजाने पहिली सभा न्युर्नबर्गला भरवायची हेही ठरलं. घड्याळ १५०९चं. त्याच्यावर निळा-सोनेरी गोळा चंद्राच्या कला दाखवतो. खाली शेकडो फोन वर झालेले. मावशी बघत होती, तिला ते बाहुल्यांचं येणं-जाणं आवडलं होतं. संपल्यावर तिने चौकाकडे नजर फिरवली. एवढा मोठा, सपाट, मोकळा चौक. सगळं गाव एकमेकांना खेटून उभं, गल्ल्या अशा की दोन छत्र्या एकमेकींना अडकाव्यात, आणि मध्येच ही ऐसपैस जागा.

"एवढ्या दाटीत ही जागा मोकळी कशी राहिली?" तिने विचारलं. "इथे आधी काय होतं?"

इतक्या पाहुण्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

आधी इथे घरं होती. ज्यू लोकांची वस्ती, आणि चर्च आहे तिथे त्यांचं प्रार्थनामंदिर, सिनेगॉग. नदीकाठची पाणथळ जागा त्यांना राहायला मिळाली होती. पुढे शहर नदीच्या दोन्ही तीरांवर वाढलं आणि ही पाणथळ जागा अगदी मध्यात आली, मोक्याची झाली. नगरपरिषदेला बाजारासाठी चौक हवा होता. नोव्हेंबर १३४९मध्ये राजाने लेखी परवानगी दिली की ज्यूंची घरं पाडून इथे बाजार करावा आणि सिनेगॉगच्या जागी मेरीचं चर्च बांधावं. त्या लोकांना काही इजा झाली तर शहराला जाब विचारला जाणार नाही, हेही त्याने आधीच कबूल केलेलं होतं. ५ डिसेंबरला कत्तल झाली. ५६२ माणसं मारली गेली, पुष्कळशी जाळून. त्यांच्या नावांची यादी ज्यूंच्या स्मरणग्रंथात आहे. चौक मोकळा झाला. तीन वर्षांत चर्चचं काम सुरू झालं. आणि परवानगी देणारा तो राजा म्हणजे चौथा कार्ल. तोच, जो दर दुपारी बारा वाजता सात सरदारांचे मुजरे घेतो.

मावशी घड्याळाकडे बघत राहिली. आता तिथे कुणी हलत नव्हतं. तिने विचारलं, मग उरलेल्यांचं काय? मी सांगितलं, काही वर्षांनी काही जण परत आले, कारण शहराला त्यांचं कर्ज हवं होतं. मग १४९९मध्ये सगळ्यांना हाकलून लावलं आणि १८५०पर्यंत एकाही ज्यूला इथे स्थायिक होऊ दिलं नाही. ते शेजारी फ्युर्थला राहिले, दीड-दोन तास चालत येऊन व्यापार करत. १८५०नंतर आले, वाढले, नदीकाठी मोठं सिनेगॉग बांधलं. ते १९३८च्या ऑगस्टमध्ये पाडलं, देशभरातली सिनेगॉगं नोव्हेंबरात जाळली गेली त्याच्याही आधी. इथून चालत दोन मिनिटांवर, तिथे आता एक दगड आहे. मावशी बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे परत आल्यावर नव्वद वर्षंसुद्धा नाही," ती म्हणाली.

मला वाटलं होतं की ती घरी जाऊ म्हणेल. पण चौकात भाजीबाजार होता आणि ती भाजीबाजारातून रिकाम्या हाताने आजवर परत आलेली नाही. शहराच्या उत्तरेला सपाट, सुपीक पट्टा आहे, तिथली भाजी इथे येते. मे महिना, म्हणजे पांढऱ्या शतावरीचा बहर. जुड्या रचलेल्या, बोटांएवढ्या जाड, मातीचा ओलसर वास येणाऱ्या. मुळे, पातीचे कांदे, पहिली स्ट्रॉबेरी. मावशीने मुळ्याची एक जुडी उचलून पाल्याला हात लावून बघितला, पाला चांगला आहे म्हणाली, बाईने तो तोडून टाकायला सुरी उचलली तशी घाईने "नाईन, नाईन" ओरडली. तिचा तो पहिला जर्मन शब्द. बाई हसली, पाल्यासकट जुडी दिली. वजन, सुट्टे पैसे, पिशवी. मघाशी मी जे सांगितलं ते आणि हे एकाच जागी घडत होतं, एकाच फरशीवर, आणि मावशी दोन्हीत पूर्णपणे होती. मला ते जमत नव्हतं. मी पायाखालच्या दगडांकडे बघून चालत होते.

गाडीत तिने विचारलं, इथल्या लोकांना हे माहीत असतं का? असतं, मी म्हटलं, ज्यांना हवं त्यांना. लपवलेलं काहीच नाही, पुस्तकांत आहे, शाळेत आहे, गाईड विचारलं तर सांगतात. चर्चं, किल्ला, पूल, सगळ्याची दुरुस्ती झाली, कुठे जुनं संपतं आणि नवं सुरू होतं ते दगडावर वाचता येतं. चौकाचं तसं नाही. तो पडलाच नव्हता, त्यामुळे त्याला सांधाही नाही. मावशी खिडकीबाहेर बघत होती, फ्युर्थ स्टेशन आलं होतं. "हेच का ते फ्युर्थ?" म्हणाली आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उतरणाऱ्यांकडे बघत राहिली. संध्याकाळी तिने मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी केली.

डिसेंबरात माझा मावसभाऊ बायको-मुलांसह आला. तेव्हा चौकात जगप्रसिद्ध नाताळबाजार असतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची छतं असलेले लाकडी ठेले, गरम वाइनच्या वाफा, भाजलेल्या बदामांचा जळकट-गोड वास, बोटाएवढ्या सॉसेजचा धूर. पावात तीन घालून देतात. चालायला जागा नव्हती. धाकट्याला मसाल्याच्या केकचं हृदय हवं होतं, गळ्यात घालायचं. थोरलीने सोनेरी कडं फिरवलं, मी तिला काळ्या कड्याचं सांगितलं, तिने तेही फिरवलं, म्हणाली दोन्ही फिरवलेली बरी. भाऊ म्हणाला, "आई सांगत होती, तू तिला इथलं काहीतरी भयंकर सांगितलंस. काय होतं ते?" मी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या कडेवर धाकटा होता, वहिनीच्या हातात चार कप होते. सांगितलं. थोडक्यात, पण नावानिशी, सालानिशी, आकड्यानिशी. तो ऐकत होता, चेहरा उतरला, कपातून एक घोट घेतला. मग थोरलीने त्याची बाही ओढली, बाराला दोन मिनिटं कमी होती, पुढे जायला हवं होतं, नाहीतर तिला दिसणार नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी धाकट्याला घेतलं, त्याने थोरलीला खांद्यावर बसवलं आणि आम्ही गर्दीत घुसलो. दारं उघडली. तिने तिथून ओरडून विचारलं, "मधला बसलाय तो कोण?"

"कार्ल," तिचा बाप म्हणाला. "घरी गेल्यावर सांगतो."